शिवणीतली माया

पाऊस सरला की कोकणात घरोघरी एक काम निघतं. ट्रंका उघडायच्या, कपाटं मोकळी करायची आणि चार महिने दमट हवेत दबून राहिलेले कपडे बाहेर काढायचे. गोधड्या, शालू, निकाहाचे जोडे, सगळ्यांना हवा दाखवायची. या सगळ्यांत एक कपडा असा असतो की तो दोरीवर टाकताना घरातली जाणती बाई दोनदा विचार करते. तो म्हणजे शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला लोकरीचा सूट. आज मी या सुटाबद्दल बोलणार आहे. सूट कुणी घातला याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तो कुणी जपला, कसा जपला आणि कशासाठी, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

हा कपडा मुळात आपल्या हवेचा नाही. एकाच कापडाचा आखूड कोट आणि पँट, हा आजच्या सुटाचा अवतार इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रूढ होऊ लागला. लंडनला वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या रायगडच्या किनारपट्टीवर तेवढा पाऊस एकट्या जुलैत पडतो आणि वर उरतो. वर्षाचा आकडा तीन हजारांच्या घरात जातो. लोकर ही अशी वस्तू की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल ती पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. थंड मुलखात हा तिचा गुण. आमच्याकडे तोच अवगुण ठरतो. वरून कोरडा दिसणारा कोट आतून दमट असतो आणि गणपती येईपर्यंत त्याच्या कॉलरवर बुरशीची पांढरी साय धरते.

मग असा हा परका पाहुणा आमच्या गावांत आला कसा? म्हसळा हे राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाचं गाव. पूर्वी ते जंजिरा संस्थानात होतं. सिद्दी नवाबांच्या या मुलखाला हबसाण म्हणत. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात आलं आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. कोट आमच्याकडे दोन वाटांनी आला. एक वाट दरबाराची. १८७९ ते १९२२ या काळात जंजिऱ्याच्या गादीवर असलेले नवाब सिद्दी अहमदखान राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकलेले. नवं शिक्षण, नव्या कचेऱ्या आणि नवा पेहराव हे संस्थानांत हातात हात घालूनच आले.

दुसरी वाट गोदीची, आणि आम्हा सामान्यांच्या घरात कोट आला तो बहुतेक या वाटेने. शेती पावसाची, जमीन डोंगराची, म्हणून इथला माणूस मुंबईला गेला, आगबोटींवर चढला. परदेशी जाणाऱ्या जहाजांवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून कोकणी मुसलमान पिढ्यान्पिढ्या राबले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुलाबा-रत्नागिरीतले काही जण थेट दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला जाऊन राहिले. जहाजावर सुटाचं काही काम नसे. पण परतताना विलायतेच्या जुन्या बाजारातून घेतलेला एखादा कोट पेटीत असे, असं मी जुन्या माणसांकडून ऐकलं आहे. कुणाच्या तरी मापाचा, कुणी तरी टाकलेला. गावातला शिंपी तो उसवून नव्या खांद्यांवर बसवत असे.

सूट जपायचा म्हणजे काय, हे कळण्यासाठी तो आतून पाहायला हवा. अंगात घातलेला कोट दिसतो साधा, पण त्याच्या आत निराळं घर असतं. वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये छातीवर कॅनव्हासचा थर असतो. चांगल्या कोटात त्यात घोड्याचे केस विणलेले असतात. हा थर बारीक, सैल टाक्यांनी जोडलेला असतो, म्हणून कोट घालणाऱ्याच्या छातीचा आकार हळूहळू उचलतो. त्यामुळेच सूट बादलीत बुडवून धुता येत नाही. लोकर, कॅनव्हास आणि अस्तर तिन्ही वेगवेगळे आटतात आणि खांद्याचा आकार जातो तो परत येत नाही.

या घरात भाषांचीही मोठी वस्ती आहे. अस्तर हा शब्द फारसीतून आला, रफू अरबी-फारसीतून. काज आणि इस्त्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, असं अभ्यासक मानतात. बटन, कॉलर, कॅनव्हास इंग्रजांचे. टाका, शिवण, घडी आपले. धंद्यातला दर्जी फारसी आणि शिंपी मराठी. या शिंप्यांचा वारसा केवढा मोठा! संत नामदेव शिंपी होते आणि गुरु ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात गज आणि कात्री ही धंद्याची हत्यारं आली आहेत.

पण या सगळ्या शब्दांत मला प्रिय शब्द एकच. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. पँटच्या मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, कोटाच्या पाठीत माया, बाहीच्या टोकाला माया. आज लागत नाही, पण उद्या अंग भरलं किंवा कपडा दुसऱ्याच्या अंगावर गेला तर हाताशी असावं म्हणून ठेवलेलं. मापाने शिवलेल्या कपड्याचं आयुष्य या मायेवर अवलंबून असतं.

आता सुटाच्या शत्रूंकडे येऊ. पहिला शत्रू दमटपणा, दुसरा कसर. लोकरीला लागणारी कसर म्हणजे एका लहानशा, पिवळसर पाकोळीची अळी. पाकोळी स्वतः कापड खात नाही. तिला खाता येईल असं तोंडच नसतं. अंडी घालून ती मरते आणि अळी लोकरीतलं केरॅटिन खाते. केरॅटिन म्हणजे आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच. तिला अंधार आवडतो, न हललेली घडी आवडते, आणि सगळ्यांत जास्त आवडतो मळका कपडा. घामाचा, बिर्याणीच्या तुपाचा डाग जिथे, तिथे भोक आधी पडतं. म्हणून लग्नाहून आल्यावर ‘एकदाच तर घातला’ म्हणून सूट तसाच ट्रंकेत ठेवणं म्हणजे कसरीला दावत देणं.

आमच्या आज्या वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा वाळवलेला पाला, लवंगा आणि कापूर फडक्यात बांधून कपड्यांत ठेवत. मग डांबराची गोळी आली. या नावातच तिचा इतिहास आहे. दगडी कोळशापासून वायू काढताना जे डांबर उरे, त्यातून १८२०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांनी हा पांढरा पदार्थ वेगळा केला आणि त्याला नॅप्थॅलीन नाव मिळालं. इंग्रजी कारखान्यांच्या काजळीतून निघालेली ही गोळी कोकणातल्या ट्रंकेपर्यंत पोचली. तिचा गुण वाफेत असतो, म्हणून ती घट्ट बंद पेटीतच काम करते. ती फडक्यात बांधून कपड्यांच्या वर ठेवावी, कापडाला चिकटू देऊ नये. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ती ठेवूच नये. काही बाळांच्या रक्तात एक विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात.

तिसरा शत्रू इस्त्री. लोखंडी इस्त्रीत करवंटीचे निखारे घालून कपडे कडक करण्याचे दिवस अनेकांनी पाहिले असतील. सुती सदऱ्याला ती चालते. लोकरीवर कोरडी, तापलेली इस्त्री फिरवली की तंतू चेपतात आणि कोपरावर, गुडघ्यावर चकाकी येते. ही चकाकी म्हणजे कापड मेल्याची खूण. जाणता धोबी सुटावर ओलसर मलमलीचं फडकं पसरून मगच इस्त्री दाबतो, आणि दाबून उचलतो, घासत नाही. पुष्कळदा तर इस्त्री लागतच नाही. न्हाणीघरात बंबाचं पाणी उकळत असताना कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर तिथे थोडा वेळ टांगला की वाफेने सुरकुत्या आपोआप उतरतात. मग मात्र तो वाऱ्यावर पुरता कोरडा करायचा.

आणि चौथा शत्रू, जो मित्र म्हणून येतो, तो म्हणजे ड्रायक्लीनिंग. नाव फसवं आहे. त्यात कपडा कोरडा राहत नाही. पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात भिजतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जॉली नावाच्या रंगाऱ्याच्या टेबलावर दिव्यातलं तेल सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी या शोधाची गोष्ट सांगतात. पेट्रोलसारख्या द्रवांनी कपडे धुण्याची पद्धत त्यातून आली, म्हणून आपल्या लाँड्र्यांवर पेट्रोल वॉश अशा पाट्या लागल्या. पेट्रोल पेट घेतं, म्हणून पुढे पर्क्लोरोइथिलीन आलं. ते जळत नाही, पण माणसाच्या शरीराला घातक. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. कापडालाही त्याचा अतिरेक सोसत नाही. वर्षाला एकदा, फार तर दोनदा, तेही पावसाळ्यासाठी बांधून ठेवण्याआधी, एवढं ड्रायक्लीनिंग बस झालं. बाकी वर्षभर मऊ केसांचा ब्रश वरून खाली फिरवावा, खिसे रिकामे करावेत आणि एकदा घातल्यावर किमान एक दिवस कोटाला विसावा द्यावा. विसावा मिळाला की लोकरीचे दबलेले तंतू पुन्हा आपल्या जागी येतात.

पण एवढी मेहनत माणसं का घेत आली? नुसता कपडा महाग, म्हणून? मला तसं वाटत नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत एक प्रसंग आहे. १८८८ मध्ये लंडनला गेल्यावर त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून सूट शिवून घेतला. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना धोब्याचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी धुलाईचं पुस्तक आणलं आणि स्वतः कपडे धुवायला शिकले. पहिल्याच दिवशी कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कोर्टात कॉलरमधून खळ गळू लागली. बॅरिस्टर मंडळी हसली. गांधीजींना त्याची लाज वाटली नाही. आपला कपडा आपण राखावा, यातच त्यांना स्वातंत्र्य दिसलं. पुढे २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरैत त्यांनी पंचा नेसला आणि सुटाचा विषय संपवला.

दुसरा प्रसंग आमच्या अगदी जवळचा, महाडचा. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती, पण मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरून महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, हे सर्वांना माहीत आहे. त्याच दिवसांत त्यांनी तिथे जमलेल्या स्त्रियांपुढे केलेलं भाषण कमी आठवलं जातं. जात ओळखू यावी असे कपडे आणि दागिने टाकून द्या, लुगडं इतर बायांसारखं नेसा, असं त्यांनी सांगितलं. आणि कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असू द्या, असंही सांगितलं. मला या शेवटच्या गोष्टीत मोठा अर्थ दिसतो. नवा कपडा विकत घेणं पैशाचं काम होतं. ते हाती नव्हतं. असलेला कपडा धुऊन, शिवून, नीट राखणं मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं.

पुढे १९३० ते १९३२ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदांत बाबासाहेब सुटात गेले, आणि त्यांतल्या दुसऱ्या परिषदेला गांधीजी पंचा आणि शाल घेऊन आले. दोघांनीही आपल्या पेहरावातून आपलं म्हणणं मांडलं. ज्याच्याकडे मुळात सगळं होतं त्याने ते टाकून दाखवलं. ज्याच्या समाजाला चांगला कपडा घालायचीही बंदी होती त्याने तो इस्त्रीसकट अंगावर घालून दाखवला. गावोगावच्या पुतळ्यांतला निळा सूट हा त्या बंदीचा जवाब आहे.

हाच आत्मसन्मान लहान प्रमाणात आमच्या मोहल्ल्यांत होता. आमच्या घरी एक राखी रंगाचा सूट होता. वडिलांनी साठच्या दशकात मुंबईत निकाहासाठी शिवून घेतलेला. वडिलांनी तो फार वेळा घातला नाही. पण मोहल्ल्यातल्या कितीतरी मुलांनी घातला. कुणाचा निकाह, कुणाची आगबोट कंपनीत मुलाखत, कुणाचा आखातात जाण्याआधीचा फोटो. अम्मी सूट देताना एकच अट घालायची, ‘जसा नेतोस तसा आण, न धुता आण.’ परत आला की ती तो उलटा करून, अस्तर बाहेर काढून, सकाळच्या कोवळ्या उन्हात पडवीत टांगायची. रंग जाऊ नये म्हणून उलटा. मग खिसे झटकायचे, कॉलर ओल्या फडक्याने पुसायची, ब्रश करायचा.

प्रत्येक नवऱ्या मुलाची कंबर निराळी. शेजारचा शिंपी पँटची मागची शिवण उसवून माया सोडायचा, लग्न झालं की पुन्हा आत घ्यायचा. त्या शिवणीच्या आतल्या बाजूला जुन्या टाक्यांच्या चार-पाच समांतर रेघा मी पाहिल्या आहेत. एकेक रेघ म्हणजे एकेक नवरदेव. वडिलांच्या कोटाची कोपरं झिजली तेव्हा त्याच शिंप्याने अख्खा कोट उसवून कापडाची आतली बाजू बाहेर आणली. याला कोट उलटवणं म्हणतात. कापड नवं दिसू लागलं, फक्त छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे गेला. उजवीकडे खिसा असलेला कोट दिसला की जाणती माणसं ओळखायची, हा उलटवलेला आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

सत्तरच्या दशकानंतर चित्र बदललं. आखाताचा पैसा आला. टेरिलीन, टेरीकॉट, टेरीवूल आलं. त्याला कसर सहसा लागत नाही, इस्त्री फारशी लागत नाही. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेली आणि १९४४ मध्ये सिंघानिया कुटुंबाकडे आलेली रेमंडची लोकरी गिरणी महाराष्ट्राच्या कित्येक लग्नांना कापड पुरवत होती. ठाण्यातलं ते उत्पादन २००९ मध्ये थांबलं. पुढे तयार सूट बाजारात स्वस्त झाले. हे चांगलंही झालं. आता मोहल्ल्यातल्या मुलाला दुसऱ्याचा सूट मागावा लागत नाही. पण या स्वस्त कोटांत कॅनव्हास टाक्यांनी जोडलेला नसतो, गोंदाने चिकटवलेला असतो. आमच्या दमट हवेत आणि गरम इस्त्रीखाली तो सुटतो, छातीवर फुगे येतात आणि मग त्याला इलाज नाही. शिवणीत माया जेमतेम असते. एकाच्याच मापाचा, एकाच लग्नाचा कपडा. सोबतच सुटाचं काम जाणणारे शिंपी कमी झाले, रफूगर तर शोधावे लागतात. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर या कलेसाठी नावाजलेले. कापडाचाच धागा काढून भोक असं भरतात की डोळ्याला सापडू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. म्हसळा तालुक्यात घरांची छपरं उडाली आणि ट्रंकांत पाणी शिरलं. तो राखी सूटही भिजला. अम्मीने तो पिळू दिला नाही, चुलीजवळ नेऊ दिला नाही. जुनी चादर पसरून त्यावर कोट आडवा ठेवला, खांद्यांत आणि बाह्यांत कोरडे कपडे भरले, दिवसातून दोनदा ते बदलले आणि वाऱ्यावर सुकू दिला. अस्तर कुजलं, ते काढावं लागलं. लोकर मात्र टिकली. भिजलेल्या लोकरी कपड्याचा योग्य इलाज हाच आहे.

आता याच गोष्टीचं मोठं रूप पाहा. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहेत, त्या डॉ. सविता आंबेडकर यांनी दिल्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी जमवलेल्या वस्तूंत त्यांचे कोट आहेत. असे कपडे जपण्याचं आता शास्त्र झालं आहे. प्रकाश पन्नास लक्सपेक्षा जास्त नको, हवेतली आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास स्थिर हवी, हँगर गादी लावलेला हवा, घडी पडली तर तिच्यात आम्लरहित कागद हवा, किडीची शंका आली तर कपडा पिशवीत बंद करून गोठवायचा. यंत्रं बाजूला ठेवली तर यात आणि आपल्या आज्यांच्या रीतीत फारसा फरक नाही. स्वच्छ करून ठेवा, कोरडं ठेवा, अंधारात ठेवा, पण विसरून जाऊ नका. मधूनमधून काढून पाहा.

तेव्हा मंडळी, या थंडीत आपल्या घरातला जुना सूट बाहेर काढा. तो होत नसेल तर फेकू नका. आतली शिवण उलटून पाहा, माया शिल्लक असेल तर तो मुलाला होईल, शेजारच्या पोराला होईल. आणि नवा शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला एवढंच सांगा, मास्तर, दोन पैसे जास्त घ्या, पण माया जरा जास्त ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)